पहिलाच एकटीचा प्रवास : किती ठरवून निघावे?

उंबरठा

नमस्कार. माझे वय ४१ वर्षे आहे आणि आजवर अनोळखी गावी एकही रात्र मी एकटीने काढलेली नाही. प्रवास पुष्कळ झाला, परंतु प्रत्येक वेळी तिकिटे दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होती, आणि माझ्याकडे सामान मोजण्याचे व मागोमाग चालण्याचे काम होते. गेल्या वर्षी परगावी असताना पतींना अचानक सणसणून ताप भरला. पुढचा मुक्काम कोठे आहे, आरक्षण कोणाच्या नावाने आहे, गाडी किती वाजता सुटणार आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दुपारी मला देता आले नाही. सगळी माहिती त्यांच्या फोनमध्ये होती आणि तो उघडायचा कसा हेही मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ते बरे झाले, पण ती दुपार माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून चार दिवसांची सुट्टी घेऊन एकटीने कोठेतरी जावे असे ठरवले आहे. हौस आहेच, पण त्याहून अधिक गरज आहे. किती दिवस जावे, सगळे आधीच ठरवून निघावे की थोडे मोकळे ठेवावे, आणि संध्याकाळ झाल्यावर एकटेपणाची भीती वाटू लागली तर काय करावे, याविषयी अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कोरा_नकाशा

उंबरठा, तुम्ही गरज हा शब्द वापरलात म्हणून मी माझा फसलेला पहिला प्रवास सांगतो. सत्ताविसाव्या वर्षी मी पाच दिवस एकटा हिंडून आलो. काहीही चुकले नाही, काही हरवले नाही, गाडी सुटली नाही. तरीही परतल्यावर मी जसा गेलो होतो तसाच होतो. त्याचे कारण पुढे बऱ्याच काळाने लक्षात आले. त्या पाच दिवसांत मी मोठ्या भावाला दिवसातून सहा-सात वेळा फोन करीत होतो. ही खोली घेऊ का, या बसने जाऊ की त्या, पाऊस येईलसे वाटते तर वर चढू का, असे सगळे मी त्याला विचारत होतो आणि तो घरबसल्या सांगत होता. पाय माझे चालत होते, प्रवास मात्र त्याचा होता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्याच्या जाणिवेविषयी जी मांडणी केली, ती वाचल्यावर मला याचा उलगडा झाला. ही जाणीव चार वाटांनी येते असे ते सांगतात : स्वतः केलेल्या कामाचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते काम करताना पाहणे, कोणी तरी दिलेला धीर, आणि त्या वेळी आपल्या शरीराची व मनाची जी अवस्था असेल तिचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. परंतु तेथेही एक अट आहे. मिळालेले यश आपल्या कौशल्याचे आहे असे वाटले, तरच ती जाणीव वाढते. बाहेरच्या आधाराने किंवा नशिबाने निभावले असे वाटले, तर फारशी वाढत नाही. माझे श्रेय मी आपल्या हाताने भावाच्या पदरात घातले होते.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, किती ठरवावे यापेक्षा कोणी ठरवावे हे महत्त्वाचे आहे. पहिला मुक्काम आणि परतीचा प्रवास या दोन गोष्टी पक्क्या करून निघा. अंधार पडताना डोक्यावर छप्पर आहे आणि घरी परतण्याची सोय आहे, एवढे ठाऊक असले की मधल्या दिवसांतल्या चुका परवडतात. तो मधला भाग मुद्दाम मोकळा ठेवा. दुसऱ्या दिवशी कोठे जायचे, तेथे कसे पोहोचायचे, थकवा आला तर काय सोडून द्यायचे, हे तेथे गेल्यावर ठरवा. घरच्यांना रोज ठरलेल्या वेळी एक संदेश पाठवा, पण त्यात प्रश्नचिन्ह नसावे. ‘जाऊ का?’ असे न लिहिता ‘जात आहे, सहापर्यंत परत येईन’ असे लिहा. हा फरक लहान दिसतो, परंतु माझ्या दुसऱ्या प्रवासात सगळे त्यानेच बदलले.

दिवसांविषयी सांगायचे तर एका रात्रीचा प्रवास मुळीच करू नका, निदान तीन रात्री राहा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे केवळ आपल्या मनाचे खेळ नाहीत. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, अनोळखी जागी पहिल्या रात्रीच्या गाढ झोपेत मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा अधिक सावध राहतो आणि परक्या आवाजांना चटकन प्रतिसाद देतो. पुढच्या वेळी त्याच जागी झोपल्यावर हा फरक दिसला नाही. एकच रात्र राहून परतलात तर जागरणाची तेवढी आठवण घेऊन याल आणि आपल्याला हे जमत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढाल. पहिल्या रात्री दोन वाजता दचकून जाग आली, तर तो तुमचा भित्रेपणा नसून मेंदूची पहारेदारी आहे, हे आधीच मनाशी ठेवा.

दिशादर्शक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात सुरक्षिततेची बाजू जोडते, कारण मोकळीक देण्यापूर्वी ती पक्की असावी लागते.

पहिल्या दिवशी उजेडात पोहोचेल अशीच गाडी निवडावी. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून सूर्यास्ताच्या निदान तीन तास आधीची वेळ धरावी. खोलीत शिरल्याबरोबर दाराची आतली कडी, खिडक्या आणि बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता पाहून घ्यावा. काही खटकले तर सामान उघडण्यापूर्वीच खोली बदलून मागावी, कारण एकदा पसारा मांडल्यावर आपण तडजोड करतो. पैसे आणि कार्डे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. ओळखपत्राची प्रत कागदावर एक आणि घरच्या एका व्यक्तीकडे एक असावी. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे इंटरनेट नसले तरी आपण कोठे आहोत हे दिसते. मुक्कामाचे नाव, पत्ता आणि दोन महत्त्वाचे फोन क्रमांक हाताने लिहून जवळ बाळगावेत. फोन बंद पडल्यावर पाठ असलेला एकही क्रमांक आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

११२ हा क्रमांक जीएसएम मोबाइलच्या मानकातच आपत्कालीन म्हणून धरलेला आहे. त्यामुळे आपल्या कंपनीची सेवा पोहोचत नसली, तरी तेथे उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून तो साधारणपणे लागतो. ज्या ठिकाणी जाणार आहात तेथील स्थानिक आपत्कालीन क्रमांकही निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

अनोळखी माणसाने ‘एकट्याच आल्या आहात का?’ असे विचारल्यास खरे सांगण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. ‘सोबतचे मागून येत आहेत’ हे वाक्य मी संकोच न करता वापरते. सौजन्यापोटी अस्वस्थ करणारे बोलणे लांबवू नये. तेथून उठून जाण्यासाठी कारण द्यावे लागत नाही.

उंबरठा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रश्नचिन्हाविना संदेश पाठवायचे, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

आणखी दोन अडचणी आहेत आणि त्या मांडताना थोडा संकोच वाटतो. पहिली म्हणजे भोजनगृहात एकटीने बसण्याची कल्पनाच मला सहन होत नाही. सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटते. दुसरी घरची आहे. पतींचा विरोध नाही, पण सासूबाई पुन्हा पुन्हा विचारतात, ‘आमच्याबरोबर जाण्यात काय कमी पडले?’ त्यांना दुखवायचे नाही, परंतु उत्तरही सापडत नाही.

सांजवेळ

उंबरठा, संकोच बाळगू नका. एकट्याने प्रवास करण्याऐवजी घरी बसलेल्या कित्येकांना याच पहिल्या अडचणीने अडवलेले असते.

लोक आपल्याकडे पाहत आहेत ही भावना खरी असली, तरी तिचे माप चुकते. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात विद्यार्थ्यांना, लाज वाटेल असे चित्र असलेला टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले गेले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते चित्र ध्यानात आले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच ते सांगता आले. म्हणजे मुद्दाम लक्ष वेधणारी गोष्ट अंगावर असतानाही अंदाज दुपटीने चुकला. तुमच्या अंगावर तर तसे काहीच नसणार. एकटी जेवणारी बाई पलीकडच्या माणसांच्या नजरेस क्षणभर पडते आणि ती माणसे पुन्हा आपल्या बोलण्यात गढून जातात.

रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन यांनी २०१५ मध्ये याच्या जवळचाच अभ्यास केला. केवळ आनंदासाठी असलेल्या गोष्टी चारचौघांत एकट्याने करणे लोक टाळतात, कारण आपल्याला सोबती नाहीत असे इतरांना वाटेल ही धास्ती असते. मात्र कलादालनात पाठवलेल्या लोकांना एकट्याने पाहताना आपला आनंद जेवढा कमी होईल असे आधी वाटले होते, तेवढा तो झाला नाही. म्हणून जाण्यापूर्वी राहत्या गावातच सराव करावा असे मी सुचवते. एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, एकटीने जेवून या. पुस्तक नेले तरी चालेल, पण दहा मिनिटे ते मिटून बसा. पुढच्या आठवड्यात गर्दीच्या वेळी जा. मग एखादे प्रदर्शन किंवा नाटक एकटीने पाहा. प्रवासाच्या पहिल्याच संध्याकाळी या सगळ्याला एकदम सामोरे जाण्यापेक्षा हे फार सोपे पडते.

सासूबाईंविषयी सांगायचे तर त्यांचा प्रश्न तुमच्या प्रवासाविषयी नसून त्यांच्या स्थानाविषयी असावा असे मला वाटते. त्यांच्यापुढे आपले समर्थन करत बसू नका, ती तापाची दुपार सांगा. ‘त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हते, पुन्हा तसे होऊ नये म्हणून शिकायला जाते आहे’ हे कोणत्याही वडीलधाऱ्या व्यक्तीला पटण्यासारखे आहे, आणि ते खरेही आहे.

मितभाषी

येथे थोडा वेगळा सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. माझे वय ६३ आहे. पत्नीच्या निधनानंतर मुलांच्या आग्रहाने मी एकटा आठ दिवस फिरून आलो. व्यवहारात काहीच अडचण आली नाही, कारण आयुष्यभर नोकरीसाठी एकट्याने हिंडलो होतो. परंतु सुंदर काही दिसले की शेजारी वळून पाहण्याची सवय मोडत नव्हती. चौथ्या दिवशी मी परत आलो असतो तर बरे झाले असते, पण मुलांना काय वाटेल म्हणून पुढचे दिवस रेटले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, एकट्याचा प्रवास हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नाही. ज्याला कामे जमत नाहीत म्हणून भीती वाटते, त्याला तो उपयोगी पडेल. ज्याचे मन शोकात आहे, किंवा ज्याला भीतीचे झटके येतात, छाती धडधडून श्वास कोंडतो, त्याने आधी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. आणि मधूनच परतण्याची मुभा स्वतःला आधीच देऊन ठेवावी.

कोरा_नकाशा

मितभाषी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. राग येण्याचे कारणच नाही. माझ्या लिहिण्यात हा भेद राहून गेला होता. तुमच्याजवळ सामर्थ्याची जाणीव आधीपासूनच होती, उणीव सोबतीची होती, आणि प्रवास ती भरून काढू शकत नव्हता. उंबरठा यांची स्थिती नेमकी उलट आहे. मधून परतण्याच्या मुभेविषयी मी पूर्णपणे सहमत आहे, फक्त एक जोड देतो : परतण्याचा निर्णय रात्री घेऊ नये. सकाळी उठून, काही खाऊन, तेव्हाही परतावेसे वाटले तर निःसंकोच परतावे.

सांजवेळ

मितभाषी यांच्या अनुभवाला उत्तर म्हणून नव्हे, पण त्यांच्यामुळे आठवले म्हणून इडा फायफर यांच्याविषयी लिहिते. १७९७ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या या बाईंनी दोन्ही मुलगे मोठे होऊन मार्गी लागेपर्यंत वाट पाहिली आणि १८४२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्या एकट्या पूर्वेकडे निघाल्या. त्या प्रवासाचे वृत्तान्त छापून आलेल्या पैशांतून त्यांनी १८४५ मध्ये आइसलँड गाठले, आणि त्यानंतर पृथ्वीला दोनदा प्रदक्षिणा घातली. त्यांची सारी मोठी धाडसे पहिल्या प्रवासानंतरची आहेत, आणि तो पहिला प्रवास उंबरठा यांच्या आजच्या वयापेक्षाही तीन वर्षांनी उशिरा झाला, हे मला फार आश्वासक वाटते.

उंबरठा

सात आठवड्यांनी लिहीत आहे. मी जाऊन आले. डोंगरातील एका लहान गावी तीन रात्री राहिले. सांजवेळ यांनी सुचवल्याप्रमाणे निघण्यापूर्वी येथेच चार वेळा एकटीने जेवून आले; पहिल्या वेळी पानावरून मान वर केली नाही, चौथ्या वेळी मात्र शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकत निवांत बसले होते. सासूबाईंना तापाची दुपार सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी स्वतःची एक जुनी हकीकत सांगितली. ती त्यांची असल्यामुळे येथे लिहीत नाही. निघताना दोन क्रमांक कागदावर लिहून माझ्या पिशवीत त्यांनीच ठेवले.

पोहोचल्याबरोबर अडचण उभी राहिली. मुक्कामाच्या ठिकाणी माझ्या नावाची नोंदच नव्हती. माझ्याकडे आरक्षणाची पावती होती, समोरच्या माणसाकडे भरलेल्या खोल्यांची यादी होती, आणि घड्याळात पावणेचार वाजले होते. फोन हातात होता. पतींचे नाव पडद्यावर आणले, आणि कोरा_नकाशा यांचे भाऊ आठवले. फोन खाली ठेवला. पुढची पाच मिनिटे मी त्या बाकावर नुसती बसून होते; हात कापत होते, हेही लिहिले पाहिजे. मग उठून त्या माणसाला तीन गोष्टी विचारल्या. पावतीवरची तारीख आपण दोघांनी एकत्र पाहू या का, चूक तुमच्याकडची असेल तर जवळपास माझी सोय कोण करील, आणि भरलेले पैसे परत कसे मिळतील. तारीख बरोबर होती, चूक त्यांच्या नोंदवहीत होती. त्याने दोन ठिकाणी फोन केले. पहिली जागा मला दाखवण्यात आली तेव्हा तिच्या दाराला आतून कडी नव्हती, म्हणून मी ती नाकारली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी खोली नाकारली. दुसरी घेतली. साडेपाचला घरी संदेश पाठवला : ‘मुक्काम बदलला आहे, नवा पत्ता हा, सर्व ठीक आहे.’ पतींचे उत्तर आले, ‘बरे.’ त्या एका शब्दाचा मला केवढा आनंद झाला, ते सांगता येणार नाही.

रात्री खरोखरच दोन-तीनदा जाग आली. पाण्याच्या नळाचा आवाज होता. मेंदू पहारा देतो आहे असे स्वतःला सांगितले आणि पहाटे कधीतरी डोळा लागला. दुसऱ्या रात्री सलग सात तास झोपले.

दुसऱ्या दिवशी चुकीच्या बसमध्ये बसले. पाटी नीट न वाचता गर्दीबरोबर चढले, ही पूर्णतः माझी चूक. उतरवून ठेवलेल्या नकाशावर आपला ठिपका भलत्याच दिशेला सरकताना दिसला, तेव्हा वाहकाला विचारून पुढच्या थांब्यावर उतरले आणि पन्नास मिनिटे परतीच्या बसची वाट पाहिली. ज्या ठिकाणी जायचे होते ते राहून गेले. त्याचे वाईट वाटले, पण घाबरायला झाले नाही, आणि हे परतीच्या बसमध्ये शिरल्यावरच माझ्या लक्षात आले.

मितभाषी यांना आवर्जून सांगायचे आहे की, तिसऱ्या संध्याकाळी दरीवर उतरणारे ढग पाहताना मीही शेजारी वळून पाहिले. तुम्ही लिहिले होते म्हणून ते ओळखू आले. त्या रात्री मी पतींना बराच वेळ फोन केला. काही विचारण्यासाठी नव्हे, ते ढग सांगण्यासाठी.

मितभाषी

वाचून समाधान वाटले. ढगांचे लिहिलेत, त्याबद्दल आभार.

दिशादर्शक

कडी नसलेली खोली नाकारलीत, हे वाचून मला अतिशय आनंद झाला. एक विचारायचे होते. मूळ नोंदणीचे पैसे परत मिळाले का? पुढे जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

उंबरठा

मिळाले, पण लगेच नाही. पावती, तारीख आणि ‘नोंद सापडली नाही’ असे त्या माणसाकडून जागेवरच लिहून घेतलेला कागद, या तिन्हींची छायाचित्रे मी त्याच रात्री पाठवली होती. दोनदा आठवण करावी लागली. सोळाव्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. तो कागद लिहून घेतला नसता तर प्रकरण लांबले असते, म्हणून तेवढे प्रत्येकाने जागेवरच करून घ्यावे.

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे मिळून प्रवासाला जात आहोत. यावेळची तिकिटे माझ्याकडे आहेत, आणि त्यांची एक प्रत पतींच्या फोनमध्ये व एक सासूबाईंच्या पिशवीत ठेवली आहे.